पहिली कळी

दुसऱ्याच्या अंगणात एखादं वेगळं झाड दिसलं की मंदाबाईंचे हात शिवशिवायला लागायचे. सिंदी मेघेतल्या त्यांच्या घराला अंगण असं फारसं नव्हतंच. फाटकापासून दारापर्यंत आठ पावलं, एक कठडा आणि गच्चीवर जाणारा जिना. पण रंगाचे रिकामे डबे, फुटका माठ, कापलेले प्लास्टिकचे कॅन, जे हाती लागेल त्यात त्यांनी काहीतरी लावून ठेवलं होतं. त्यांचे यजमान रूपराव निवृत्त मास्तर होते आणि जिभेवरची छडी त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती. ते म्हणायचे, "ह्या घरात मानसाले पाय ठेवाले जागा नाई, कुंडीले मात्र बरोबर सापडते."

विकतचं रोप मंदाबाईंना मानवत नसे. नर्सरीतून आणलेलं झाड पंधरा दिवस पाहुण्यासारखं वागतं आणि मग मान टाकतं, असा त्यांचा अनुभव. खरं झाड म्हणजे कुणाच्या तरी दारातून फांदी मागून आणलेलं. न मागता आणलेलं त्याहून चांगलं. फक्त एक पथ्य होतं, रोहणा गावातल्या माहेरी आईनं शिकवलेलं. फांदी तोडली की तिला बोलावणं करायचं, "येजो बाई माह्या घरी." एवढं म्हटलं की फांदी जीव धरते, मुकाट्यानं आणलेली सुकून जाते. मंदाबाईंनी आजवर शेकडो फांद्या लावल्या असतील, पण बोलावल्याशिवाय एकही नाही.

एकच झाड त्यांच्या हाती लागलं नव्हतं. नालवाडीच्या जयवंताबाईंची जास्वंद. ताकाच्या रंगाच्या दुहेरी पाकळ्या, आत जांभळा डोळा, आणि फूल तळहाताएवढं. दोघींची ओळख भजनी मंडळातली. दर संक्रांतीला हळदीकुंकवाला गेलं की मंदाबाई फांदी मागायच्या आणि जयवंताबाई हसून तिळगूळ द्यायच्या.

"जगनार नाई तुमच्या हातानं," त्या म्हणायच्या. "तुमचा जीव लागते झाडात. जीव लावला का हात चालत नाई."

आणि मग त्या हात कसा चालवायचा ते दाखवायच्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं, हिरवट काळं पडलेलं. एखाद्या कोवळ्या रोपाला आयुष्यातली पहिली कळी आलेली असायची. जयवंताबाई ती दोन बोटांत धरायच्या, नख लावायच्या. खुट्ट. "पयली कळी कधी ठेवाची नाई, मंदाबाई. पयली खुडली का खालून दोन फुटतात." त्यांच्या हातांना भिजवलेल्या तंबाखूचा वास यायचा. पानांवरच्या पांढऱ्या किडीवर त्या तंबाखूचं पाणी मारत, आणि तो वास साबणानं जात नसे. मंदाबाईंना हे खुडणं कधी जमलं नाही. पहिली कळी आली की त्या चार जणींना बोलावून दाखवायच्या.

गेल्या श्रावणात जयवंताबाई तीन दिवसांच्या तापात गेल्या. मंदाबाई पाचव्या दिवशी भेटायला गेल्या. घरात फक्त त्यांचे यजमान सदाशिवराव होते, ओसरीतल्या खुर्चीवर. एकुलती एक लेक सुरभी दिसली नाही. दुःखाच्या घरी फार विचारू नये म्हणून मंदाबाईंनी विचारलं नाही. थोडा वेळ बसल्या आणि उठल्या.

दुःखाच्या घरचे रिवाज मंदाबाईंना कुणी शिकवायला नको होते. एरवी निघताना माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पण सुतकाच्या घरून निघताना येण्याचा शब्द काढायचा नाही. घरचेही 'या' म्हणत नाहीत. मुकाट उठायचं, मागं पाहायचं नाही, आणि तिथून काहीही आणायचं नाही. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पण फाटकाशी ती जास्वंद नुसती बहरून उभी होती. आता कोण नाही म्हणणार, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याची लाज वाटेपर्यंत हातानं काम केलंही होतं. वीतभर फांदी पिशवीत गेली. फाटकाची कडी लावायला त्या वळल्या आणि जन्माची सवय तोंडातून बाहेर पडली.

"येजो बाई माह्या घरी."

कडी लावताना तोंड घराकडे होतं. ओसरीवर सदाशिवरावांनी मान वर केली. त्यांनी ऐकलं नसेल, असं मंदाबाईंनी स्वतःला सांगितलं आणि ऑटोत बसल्या. घरी येऊन आंघोळ केली, मग फांदी लावली.

जास्वंदीच्या फांदीला मूळ धरायला महिना जातो. हिला आठव्या दिवशी पालवी आली. मंदाबाई खूश झाल्या, आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्याहून मोठी खुशी घरात आली. गणपती बसले त्याच सकाळी त्यांची सून मयुरी न्हाणीघरातून बाहेर आली ती रडत आणि हसत. लग्नाला चार वर्षं झाली होती. नागपूरचे डॉक्टर झाले, नवस झाले, शेजारणींचे टोमणे झाले, आणि मयुरीनं ते सगळं तोंड मिटून सोसलं होतं. मंदाबाईंना ही पोर पोटच्या लेकीसारखी होती. त्या रात्री त्यांनी देवाला दुसरं काही मागितलं नाही. एवढं एक धडपणे पार पडू दे, मग मला नेलंस तरी चालेल, असं त्या मनापासून म्हणाल्या.

नवरात्राच्या आसपास पहिल्यांदा जाणवलं. दुपारची झोप झाल्यावर मंदाबाई पाणी घालायला बाहेर आल्या तर कुंड्यांतली माती ओली होती, वरून नीट हलवलेली. पानं पुसलेली होती, एकेक, खालून आणि वरून. त्यांना वाटलं, मयुरीनं केलं. मयुरीला वाटलं, सासूबाईंनी केलं. दोघी दोन दिवस एकमेकींवर मनातल्या मनात खूश होत्या.

तिसऱ्या दिवशी दाराच्या पायरीवर कळ्या मांडलेल्या होत्या. एका ओळीत, देठ सगळे एकाच बाजूला. नव्या शेवंतीची एक, बटन गुलाबाची एक, मोगऱ्याच्या पोराची एक. ज्या ज्या रोपाला पहिल्यांदाच कळी आली होती, त्या त्या रोपाची.

"आई, तुमीच खुडून राह्यल्या न ह्या?" मयुरीनं विचारलं.

"मी कायले खुडू व? माह्यानं होत नाई ते."

रूपराव पेपरातून म्हणाले, "भूत असन एखादं. फुकटात माळीकाम करून राह्यलं तर करू द्या बिचाऱ्याले."

मयुरी हसली. मंदाबाईंनाही हसू आलं असतं, पण त्या कळ्या गोळा करायला वाकल्या आणि त्यांच्या नाकात वास शिरला. भिजवलेल्या तंबाखूचा. घरात तंबाखू कुणी खात नव्हतं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे पिशवीतल्या फांदीपासून सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. रूपराव वाचनालयात गेले, मुलगा नीलेश बँकेत, मयुरी आतल्या खोलीत आडवी झाली. मंदाबाई जाळीच्या दारामागं पाट टाकून बसल्या. ऑक्टोबरचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. कुणाच्या तरी कूलरची घरघर तेवढी चालू होती, मग लाइट गेली आणि तीही थांबली. त्या शांततेत त्यांना कुंडी सरकल्याचा आवाज आला. सिमेंटवर, हळू, वजन सांभाळून सरकवावी तशी... त्यांच्या डोळ्यांदेखत मोगऱ्याचा डबा वीतभर उन्हात आला. मग पानं हलली. वारा नव्हता. एक पान वर उचललं गेलं, थोडं थांबलं, खाली आलं. मग दुसरं. घाई अशी कुठंच नव्हती. आणि कठड्यावरच्या गुलाबाचा शेंडा किंचित झुकला...

खुट्ट.

कळी पायरीवर येऊन पडली. कुणीतरी तिचा देठ सरळ केला. जाळीच्या पलीकडे तो वास जवळ आला, अगदी तोंडासमोर आला, आणि मग विरळ झाला. त्यांना वाटलं, गेली.

आतून मयुरी झोपेत काहीतरी पुटपुटली.

मंदाबाई धावल्या. मयुरी पाठीवर शांत झोपली होती. खोलीभर तंबाखूचा वास कोंदला होता. तिच्या पिवळ्या गाऊनवर, पोटाच्या जरा खाली, ओल्या मातीचा एक ठसा होता. अंगठ्याचा. नखाचं टोक वेगळं उमटलेलं.

त्या रात्री त्या सुनेच्या खोलीबाहेर चटई टाकून बसून राहिल्या. गुडघे दुखतात, झोप येत नाही, असं काहीबाही सांगितलं. सकाळी नीलेश निघताना त्याला म्हणाल्या, "आज घरीच थांब बाबू, तिच्याजवळ." तो का म्हणून विचारत राहिला, त्यांनी हात जोडले तेव्हा थांबला. घरचं आटोपून बाराच्या सुमाराला त्यांनी जास्वंदीची कुंडी उचलली. रात्रीतून तिला पहिली कळी आली होती, हिरवी, टोकाशी फिकट. मंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ऑटो केला आणि नालवाडी गाठली.

जयवंताबाईंच्या अंगणात एकही झाड जिवंत नव्हतं. मोठी जास्वंद काटकी होऊन उभी होती, कुंड्यांत करडी माती. सदाशिवराव ओसरीवर बसले होते. अंग भरलेलं, चेहरा शांत. श्रावणात पाहिला त्यापेक्षा हा माणूस बरा दिसत होता.

"पानी तर मी रोज टाकलं, वहिनी," ते आपणहून म्हणाले. "पन तिच्या हाताबिगर नाई राह्यले ते."

मंदाबाईंनी कुंडी पायरीवर ठेवली. "चूक झाली भाऊजी. न इचारता नेलतं. वापस घेऊन घ्या."

सदाशिवरावांनी कुंडीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "तुमी त्या दिवशी फाटकाशी काय म्हनलं, ते मी आयकलं होतं."

"मी फांदीले म्हनलं, भाऊजी..."

"आयकलं तर तिनं बी." ते हळू आवाजात बोलत होते. "ते चार दिवस ती इथंच होती. दुपारी कुंड्या सरकवाचा आवाज ये. मी डोळे मिटून पडून राहो. तुमी गेल्या अन् त्या दिवसापासून आवाज बंद झाला. आता झोप लागते मले."

मंदाबाई पायरीवरच बसल्या. "माह्यी सून पोटुशी हाये. चार सालानंतर... पयलंच हाये."

सदाशिवरावांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "आमच्या सुरभीचं बी पयलं गेलं. माहेरी आलती तवा, ह्याच घरात. माय तिचे पाय दाबत बसली होती अन् म्हने, रडू नको व, खालून दोन फुटतात. मले वाटलं, समजूत काढून राह्यली." त्यांनी तळहातांकडे पाहिलं. "सुरभी त्याच्यानंतर ह्या घरी आली नाई. मायच्या मातीले बी नाई आली."

"तुमी म्हना न तिले काही. तुमचं आयकन ती."

"बोलावनं तुमचं हाये, वहिनी. मी कसं मोडू."

"मंग मी काय म्हनू? जाय म्हनू?"

"म्हनून पाहा." ते उठले. "पन आपल्यात दारी आलेल्याले जाय म्हनत नाईत न. तिले माहीत हाये ते."

त्यांनी कुंडी स्वतः उचलली नाही, मंदाबाईंना उचलू दिली. फाटकापर्यंत पोचवायला आले, हात जोडले आणि आतून कडी लावली. जोरानं नाही, पण लावली. मंदाबाईंना त्यांचा राग आला आणि लगेच गेलाही. त्या जागी त्या असत्या तर त्यांनी दुसरं काय केलं असतं.

परतीच्या ऑटोत कुंडी मांडीवर होती. फेकून द्यावी म्हटलं तर कुठं, आणि फेकल्यावर काय होईल, हे कळेना. मंदाबाई मनातल्या मनात म्हणत होत्या, जाय बाई, जाय आता, हात जोडतो तुले. एका चौकात ऑटो थांबला. समोरच्या दुकानातल्या घड्याळात दोनला पाच कमी होते. बाजूला ट्रक घरघरत होता, ऑटोवाला फोनवर बोलत होता, आणि त्या एवढ्या गोंगाटात त्यांना मांडीवरून अगदी स्वच्छ ऐकू आलं.

खुट्ट.

कळी त्यांच्या पदरात पडली. देठ ओला होता. मंदाबाईंनी ती घाईघाईनं देठाला लावून पाहिली, दोन्ही हातांनी दाबून धरली, जणू काही धरून ठेवल्यानं ती चिकटणार होती. सिग्नल सुटला तरी त्यांनी हात काढले नाहीत. पिशवीत फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. नीलेशचाच असणार, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांच्यानं तो घेववेना.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, पहिल्या खेपेला कधी कधी असं होतं, कारण सापडत नाही, पुढच्या वेळी सगळं नीट होईल. नीलेश भिंतीला टेकून उभा होता. तो घरीच होता, मयुरीच्या उशाशी होता, आणि तरी झालं. मयुरीनं सासूचा हात धरला आणि पाहत राहिली. रडली नाही. मंदाबाईच रडल्या, तोंडात पदर कोंबून, आणि आसपासच्या बायकांना वाटलं, किती जीव आहे सुनेवर.

जास्वंद त्यांनी धाम नदीत सोडली. बाकीच्या झाडांना पाणी घालणं बंद केलं, एकेक डबा वाळून जाऊ दे म्हणाल्या. झाडं वाळली नाहीत. कठडा दिसेनासा झाला एवढी पसरली. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. रोज दुपारी मंदाबाई दारात उभ्या राहून 'जाय' म्हणायच्या. आधी हात जोडून, मग रागावून, मग नुसतंच. रूपरावांनी थट्टा करणं सोडलं. त्यांनी एकदा विचारलं, "कोनाशी बोलून राह्यली तू?" त्या दिवशी मंदाबाईंनी सगळं सांगितलं. ऐकून ते पुढच्याच आठवड्यात बायकोला नागपूरला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी झोप येते, आणि झोप आली की दुपार राखायला कुणी उरत नाही, म्हणून त्या गोळ्या जिभेखाली धरून नंतर थुंकायच्या.

माघात शेजारच्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "एक फांदी द्या न मंदाबाई. अन् ते तुमचं बोलावनं बी शिकवून द्या, तुमच्यासारखं लागलं पाह्यजे." मंदाबाईंच्या तोंडाशी शब्द आला. एवढं शिकवलं असतं तर त्या सुटल्या असत्या. पण मनकर्णाबाईंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, ओट्यावर बसून वाटाणे सोलत होती. मंदाबाई म्हणाल्या, "जगत नाई ते दुसऱ्याच्या हाती," आणि दार लावून घेतलं. मनकर्णाबाई त्यानंतर बोलेनाशा झाल्या.

पावसाळ्याच्या तोंडाशी मयुरीला पुन्हा दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी झाली. नीलेश पेढ्यांचा पुडा घेऊनच घरात शिरला. त्याला हसू आवरत नव्हतं. रूपराव खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. जुळे होते. दोन्ही ठोके व्यवस्थित होते.

मंदाबाईंनी देवापुढं पेढा ठेवला आणि तशाच आतल्या खोलीत आल्या. मयुरी पलंगावर पाय लांब करून बसली होती. गेल्या वर्षभरात ती इतकी निवांत कधी दिसली नव्हती.

"बाई, माहेरी चालली जाय," मंदाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "हिंगणघाटले. आजच निघ. मी नीलेशले सांगतो. इथं नोको राहू..."

"काऊन भेता आई?" मयुरी समजावणीच्या सुरात म्हणाली. "मले आता भेव नाई वाटत. त्या मावशी हायेत न."

"कोनत्या मावशी?"

"दुपारी येतात त्या. तुमचा डोळा लागला का येतात. लय माया करतात. म्हनल्या, दोन एका जागी पोसत नाईत, एक ठेवू. पन बरं असन तेच ठेवू." मयुरीनं पोटावरची ओढणी सारखी केली. "आज डाव्या अंगानं हात लावून पाह्यला त्यायनं. उजव्याचं उद्या पाहीन म्हनल्या."